मोटारीच्या डोळ्यांना तीर्थ

फुलचंद सेठची मोटार बोरी अरबहून यवतमाळला सवाऱ्या नेत असे. तिचं वय विचारू नये. पुढचे दिवे कधी दोन्ही लागत, कधी एकच, आणि ब्रेक दाबला की तोही पेंगुळल्यासारखा मंद होई. मागचा लाल दिवा तर मडगार्डवर थाप मारल्याशिवाय जागाच होत नसे. सेठ म्हणत, जुन्या मोटारीचं असंच असतं. हबीब मिस्त्रीला मात्र खरं कारण ठाऊक होतं, आणि ते बोलून दाखवायची सोय नव्हती.

कारण होतं नारळ. दर शनिवारी सेठ मोटारीपुढे नारळ फोडत. तीर्थ घेतल्यावर माणूस ओला हात डोळ्यांना लावतो. मोटारीला हात नाहीत, म्हणून सेठ नारळाचं पाणी स्वतःच तिच्या दिव्यांवर ओतत. काचेभोवतीचं रबर केव्हाच कुजलेलं. पाणी आत उतरे, काचेमागची चांदीसारखी वाटी काळी पडे, तारांची टोकं हिरवी होत. दिवा बिघडला की सेठची श्रद्धा वाढे, आणि पुढच्या शनिवारी दोन नारळ येत. भक्ती करावी तर अशी, की देवानंच हात टेकावेत.

हबीबनं तोंड उघडलं असतं तर गंज राहिला असता बाजूला आणि मुसलमान मिस्त्री पूजेला आडवा आला, एवढंच गावभर झालं असतं. तरी एकदा त्यानं आडून सांगून पाहिलं, की दिव्याला ओल सोसत नाही.

"हबीबमिया," सेठ म्हणाले, "हे साधं पाणी नाही, तीर्थ हाये."

तीर्थानं गंज चढत नाही, हे शास्त्र हबीबच्या उस्तादांनी त्याला शिकवायचं राहून गेलं होतं.

एकसष्ट साली मोटारीचं पासिंग आलं. यवतमाळचा इन्स्पेक्टर दिवे लावून बघणार होता. सेठनी हबीबला साफ बजावलं, की दिवे लागले नाहीत तर स्टँडाजवळची आपल्या जागेतली टपरी खाली करायची. हबीबचं घर बारा वर्षं त्या टपरीवर चाललं होतं.

तीन दिवस त्यानं दिवे खोलून गंज घासला, नव्या तारा ओढल्या, कुजल्या रबराच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी बसवली. दिवे लखलखीत लागले. पण नारळ फोडल्याशिवाय सेठ मोटार हलवणार नव्हते, आणि ट्यूबची पट्टी म्हणजे काही छत्री नव्हे. तेव्हा हबीब देवीलाल किराणावाल्याकडे गेला आणि पोतं उपसून एकेक नारळ कानाशी हलवत बसला. शेवटी एक सापडला: आत पाण्याचा थेंब नाही, नुसता सुक्या खोबऱ्याचा गोटा खडखडतोय. देवीलालच्या दुकानचा नारळ, पासिंगसाठी आपल्याकडून, म्हणून त्यानं तो सेठना नेऊन दिला.

नारळ फुटला आणि अख्खा गोटा बाहेर आला. गोटा निघणं मोठं शुभ. सेठचे डोळे भरून आले आणि मोटारीचे कोरडे राहिले. इन्स्पेक्टरनं तीनदा दिवे लावून पाहिले आणि सही केली. हबीबच्या जिवात जीव आला.

परतल्यावर सेठ स्टँडावर भेटेल त्याला सांगू लागले, की दिव्यांचं काम आता खुद्द देवानं हाती घेतलंय. तीन दिवसांच्या घासण्याचं नावही निघालं नाही. मग त्यांनी हबीबला मोठ्या मायेनं जवळ बोलावलं.

"हबीबमिया, आता दिव्याले देवच पाह्यते. तुमाले कायले तरास देऊ? टपरी मी देवीलालले देऊन राह्यलो. त्याचे नारळ लाभाचे हायेत. तो तिथं नारळ विकन."

हबीबच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण जागा सेठची. त्यानं पाने-पकडी पोत्यात भरल्या आणि समोरच्या लिंबाखाली बस्तान मांडलं.

शनिवारी पासिंगच्या नवसाचे अकरा नारळ फुटले, सगळे पाण्यानं भरलेले. पुढच्या आठवड्यात पुढचे दोन्ही दिवे गेले आणि मागचा थापेलाही उठेना. सेठ रस्ता ओलांडून लिंबाखाली आले, जरा दिवे पाहून द्या म्हणाले.

हबीबनं हातातल्या पान्याचं ग्रीस चिंधीनं सावकाश पुसलं.

"देवीलालले दाखवा, सेठजी. माह्या टपरीत आता तोच बसते."

सेठना ते पटलं. ते तसेच टपरीकडे वळले आणि देवीलालकडून त्यांनी आणखी दोन नारळ घेतले.