अठ्ठ्याऐंशी लिटरचा बोर्ड

खोकं दारातून आत येईना. पोचवायला आलेल्या माणसानं ते उभं केलं, आडवं केलं, तिरकं करून पाहिलं आणि शेवटी घाम पुसत म्हणाला, "बाई, तुमचं दार थोडं मोठं करता येईल का?"

खिडकीबाईंना असल्या प्रश्नांची सवय होती. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर त्या वीस वर्षं बसत होत्या, म्हणून सगळं गाव त्यांना खिडकीबाई म्हणे. त्या दिवशी दाढ ठणकत होती म्हणून रजेवर होत्या. एका हातानं गाल धरून दुसऱ्या हातानं त्यांनी सोफा सरकवला आणि खोकं कसंबसं हॉलमध्ये घेतलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'विंग फॉइल बोर्ड, नवशिक्यांसाठी, ८८ लिटर.'

इथे पहिला घोळ झाला. लिटर म्हटलं की पाणी, हे बाईंच्या हाडीमाशी खिळलेलं. टाकी लिटरची असते, गळती लिटरची असते. पण बोर्ड लिटरचा कसा असेल? आत पाणी भरायचं असतं की काय?

विंग फॉइल हे खूळ त्यांच्या नवऱ्याचं. नवरा वजनकाटे दुरुस्त करी, किराणा दुकानातल्या छोट्या काट्यापासून गोदामातल्या पोत्यांच्या काट्यापर्यंत सगळे. लोक त्यांना काटेवाले म्हणत. सहा महिन्यांपूर्वी ते तलावाकाठच्या एका गोदामात कामाला गेले आणि तिथे त्यांनी ते पाहिलं. पायाखाली बोर्ड, बोर्डाच्या पोटाला एक दांडा, दांड्याच्या टोकाला पाण्याखाली छोटे पंख आणि माणसाच्या दोन्ही हातांत हवा भरलेला मोठा पंख. वारा भरला की बोर्ड पाण्यापासून हातभर वर उचलला जातो आणि आवाज न करता पळत सुटतो. काटेवाले तेव्हापासून दर रविवारी तलावावर. "या वयात पंख फुटले!" असं म्हणून बाईंनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. एकदा सहज बरोबर गेल्या, काठावर बसल्या आणि परत येताना एवढंच म्हणाल्या, "वर उचललं गेल्यावर बरं वाटत असेल, नाही?" काटेवाले फक्त "हं" म्हणाले होते. त्यांचा सगळा संसार 'हं'वरच चालायचा.

बाईंनी चिठ्ठीवरच्या नंबरला फोन लावला. पलीकडे तलावावर शिकवणारी कोच होती. दुकानही तिचंच.

"सोपं आहे हो ताई," ती म्हणाली. "बोर्ड किती भार तरंगवतो ते लिटरमध्ये सांगतात. शिकणाऱ्याचं वजन घ्यायचं, त्यात बोर्ड, दांडा, पंख आणि ओल्या कपड्यांचे मिळून तीस मिळवायचे, तेवढ्या लिटरचा बोर्ड. त्याहून लहान घेतला तर उभं राहिल्यावर पाण्याखाली जातो. दांडा सुरुवातीला आखूड घ्यायचा, खालचा पंख मोठा घ्यायचा आणि हातातला पंख वाऱ्याप्रमाणे."

"वरचा मोठा की खालचा मोठा?"

"खालचा मोठा. म्हणजे वरचाही मोठाच असतो, पण तो वेगळा."

बाईंनी तक्रार अर्जाच्या पाठकोऱ्या कागदावर सगळं लिहून घेतलं. त्यातलं अर्धं डोक्यावरून गेलं. पण तीस मिळवायचे हे कळलं होतं. म्हणून त्यांनी विचारलं, "पण आमच्या ह्यांचं वजन नव्वद आहे. मग अठ्ठ्याऐंशी कसा?"

"त्यांच्यासाठी नाहीच तो. शिकणाऱ्याचं वजन त्यांनी अठ्ठावन्न सांगितलं. कुणी लेडीज आहेत ना? तरंगायचं जॅकेटसुद्धा लेडीजच घेतलंय त्यांनी."

बाईंची दाढ ठणकायची थांबली. फोन ठेवून त्या खोक्यावरच बसल्या. ही अठ्ठावन्न किलोंची बया कोण? ओळखीतल्या सगळ्या सडपातळ बायका त्यांनी एकेक करून नजरेसमोर उभ्या केल्या. कोपऱ्यावरची शिंपीण पन्नासच्या वर जायची नाही. गोदामातली हिशेबनीस साठच्या पुढची. मग ती कोच? तिला कशाला नवशिक्यांचा बोर्ड? घोडं कुठे पेंड खातंय ते काही केल्या कळेना. आणि मग अचानक कळलं.

अठरा वर्षांपूर्वी विम्याचा एजंट याच सोफ्यावर बसला होता. त्यानं वजन विचारलं आणि परक्या पुरुषासमोर बाईंच्या तोंडून अठ्ठावन्न निघून गेलं. तेव्हाही ते खरं नव्हतं. काटेवाल्यांनी मान खाली घालून फॉर्मवर लिहिलं. त्यानंतर घरातला प्रत्येक फॉर्म तेच भरत आले, आणि दर वेळी पेन थांबवून विचारत आले, "वजन तेच ना?" बाई दर वेळी म्हणत आल्या, "तेच."

दुसरी बाई असती तर तिच्या झिंज्या उपटता आल्या असत्या. या अठ्ठावन्न किलोवालीचं काय करायचं?

काटेवाले बाहेर कामाला गेले होते. बाई घरामागच्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये गेल्या, दाराला कडी लावली आणि पोत्यांच्या काट्यावर उभ्या राहिल्या. आकडा मी सांगणार नाही. त्यांनी तो लग्नाच्या नवऱ्याला सांगितला नाही, तर मी तुमच्यापाशी चहाडी का करावी? अठ्ठावन्नाच्या आसपासचा नव्हता, एवढं पुरे. त्या दुसऱ्या काट्यावर उभ्या राहिल्या, मग तिसऱ्यावर. तिन्ही काटे नवऱ्याच्या हातचे होते. एकमेकांना दुजोरा देऊन मोकळे झाले.

आता बोर्ड बुडणार आणि रविवारी सगळ्या तलावाला कळणार, ही धास्ती होतीच. पण तिच्यापेक्षा मोठी गोष्ट बाईंना छळू लागली. हा माणूस ओंजळीत तांदूळ घेऊन किती ग्रॅम ते सांगतो. दुकानदाराच्या काट्यावर विश्वास नाही म्हणून खिशात पितळी वजनं बाळगतो. त्याला रोज शेजारी झोपणारी बायको कळू नये? म्हणजे एक तर अठरा वर्षांत त्यानं आपल्याकडे नीट बघितलंच नाही, नाहीतर आपण जे बोललो ते डोळे मिटून खरं मानलं. पहिलं असेल तर आपलं काय राहिलं? आणि दुसरं असेल तर या भोळ्या माणसाला आपण अठरा वर्षं फसवलं. दोन्हींतलं कुठलं बरं, हे काही बाईंना ठरवता येईना. त्यांना रडू आलं आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

संध्याकाळी काटेवाले आले. त्यांनी खोकं उघडलं. निळा, गुळगुळीत बोर्ड हॉलच्या फरशीवर ठेवून ते बाजूला उभे राहिले.

"तुझ्यासाठी," ते म्हणाले. "तू म्हणाली होतीस ना, बरं वाटत असेल म्हणून."

 बाई आडून आडून विचारू लागल्या, "अहो, याला भार कितीचा झेपतो?"

"तुझा झेपेल."

"पण माझा म्हणजे कितीचा?"

"तू सांगितलेला."

"आणि समजा नाही झेपला तर?"

"तर बघू."

बाई त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिल्या. तिथे काही लिहिलेलं नव्हतं. मोकळ्या काट्यासारखा तो चेहरा शून्यावर स्थिर. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण ते बोर्डावरची न दिसणारी धूळ बाहीनं पुसत बसले होते. बाईंनी तोंड मिटलं. पुढचे तीन दिवस त्या जेवल्या जेमतेम आणि घाबरल्या भरपूर.

रविवारी तलावाला बेताचा वारा होता. काठावर पाच-सहा नवशिके पंखांत हवा भरत होते. कोचनं बाईंना जॅकेट घातलं, शिरस्त्राण घातलं. जॅकेटचा शेवटचा पट्टा लागला नाही, तेव्हा ती बिचारी "असू दे" म्हणाली. छातीएवढ्या पाण्यात नेऊन तिनं सांगितलं, "आधी गुडघ्यांवर बसा. पंख डोक्यावर धरा. मग एक पाय, मग दुसरा."

बाई गुडघ्यांवर बसल्या. बोर्ड पाण्याच्या बरोबरीला आला आणि तिथेच घुटमळला. त्यांनी एक पाय टेकला. बोर्ड दिसेनासा झाला. दुसरा टेकला आणि बाई सरळ उभ्या स्थितीत, गुडघ्यांपर्यंत पाण्यात, आणखी खाली जाऊ लागल्या. मग बोर्ड एका अंगाला निसटला आणि बाई दुसऱ्या अंगाला.

वर आल्या तेव्हा नाकातोंडात पाणी होतं आणि काठावर सगळे हातातलं काम सोडून बघत होते.

"असं व्हायला नको होतं," कोच बुचकळ्यात पडून मोठ्यानं म्हणाली. "ताई, तुमचं वजन नक्की किती?"

बाईंची पाचावर धारण बसली. तेवढ्यात काटेवाले कपड्यांनिशी पाण्यात शिरले. "अठ्ठावन्न," ते ठासून म्हणाले. "बोर्डातच खोट आहे. कुठेतरी पाणी शिरत असेल. तपासून बघा."

उभ्या आयुष्यात या माणसानं धडधाकट वस्तूला खोटं पाडलं नव्हतं. बाईंनी त्यांचा दंड धरला आणि चार पावलं बाजूला ओढत नेलं.

"अहो, बोर्ड चांगला आहे."

"हं."

"माझं वजन अठ्ठावन्न नाही."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"एजंट बसला होता तेव्हापासून." ते पाण्याकडे बघत म्हणाले. "आणि पुढेही कळायचंच की. कधी वाढलंस, मधे आजारपणात उतरलीस, परत भरलीस. मला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

"मग मला सांगायचं नाही? अठ्ठ्याऐंशीचा आणलात तो?"

"तिथे दुकानात चार माणसं होती. तू चारचौघांत जे सांगतेस त्याहून वेगळं मी कसं सांगू?"

"अहो, बुडले असते ना मी!"

"नाही. काल येऊन काठीनं पाणी मोजून गेलो. या काठाला कुठेही तुझ्या खांद्याच्या वर नाही."

बाई हसल्या की रडल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तोंड आधीच ओलं होतं. चार दिवस ज्या दोन शक्यतांनी त्यांचा जीव खाल्ला, त्यांतली एकही खरी नव्हती, आणि ही तिसरी त्यांच्या डोक्यात कधी आलीच नव्हती. बाईंनी त्यांचा दंड सोडला.

मग वळल्या. खिडकीवर रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असा त्यांचा आवाज होता. तोच त्यांनी लावला.

"कोच, बोर्ड बदलून द्या. एकाहत्तर किलो सहाशे ग्रॅम. कोरड्या कपड्यांत."

 कोच मोठा पिवळा बोर्ड ओढून आणायला गेली. काटेवाले मात्र तिथेच पाण्यात उभे होते, आणि कानांपर्यंत लाल झालेले.