पट्टी किती ओढायची

१०.९

एवढ्या सेंटिमीटर घेराचा दंड घेऊन चार वर्षांची टाचणी कुपोषित मुलांच्या केंद्रात आली. हे नाव नर्सबाईंनी ठेवलेलं. बाई तीस वर्षं सरकारी दवाखान्यात राबल्या, निवृत्त झाल्या आणि लेक "आई, आता आराम कर" म्हणाली म्हणून हट्टानं परदेशी, जंगलाकडेच्या या केंद्रात सहा महिने फुकट सेवा करायला आल्या. दर सोमवारी मुलांच्या दंडाला मापाची पट्टी गुंडाळायची. साडेअकराच्या आत लाल. लाल मुलानं दिवसभर खोलीत, बाईंच्या नजरेखाली राहायचं. त्यापुढे पिवळं, म्हणजे हिंडायला मोकळं.

११.४

पाच आठवडे टाचणी फक्त बाईंच्या मांडीवर बसून चमचा-चमचा दूध प्यायली. दुसऱ्या कुणी चमचा धरला की तोंड गच्च मिटायची. बाई वैतागल्याचं दाखवायच्या आणि मनातून फुलायच्या.

मग बेडूकवाली आली. तीही बाईंसारखीच स्वयंसेविका, पण वय बावीस. सकाळी जंगलातले बेडूक मोजायची, दुपारी पिवळ्या मुलांना ओढ्यावर न्यायची. एकदा ती बरणीत आरपार दिसणारा बेडूक घेऊन खिडकीशी उभी राहिली. टाचणी मांडीवरून उतरली ती उतरलीच.

"काय बघतेस गं? बेडूकच तो," बाई म्हणाल्या.

"त्याचं काळीज उडताना दिसतं, मावशी. या ना बघायला."

"काळजं खूप बघितलीत मी."

११.३

सोमवारी पट्टी दंडाला टेकताच बाईंना कळलं. पिवळी. टाचणीचं लक्ष खिडकीबाहेर, पायात चपलाही चढवलेल्या. बाईंनी पट्टी जराशी ओढली. अजून जराशी.

खोटा आकडा त्यांनी जन्मात लिहिला नव्हता. पट्टीनं दाखवला तोच लिहिला.

घोळ तिथेच झाला. मनानं गेल्या आठवड्याचाच आकडा लिहिला असता तर टाचणी नुसती खोलीत राहिली असती. पण लाल मुलाचा दंड आधीपेक्षा बारीक भरला, की थेट शहरातलं इस्पितळ, असा तिथला नियम. दुपारी डॉक्टर आले, वही पाहिली आणि जीप सांगितली.

"साहेब, खाते हो ती," टाचणीची आई म्हणाली. "पाठची दोघं कुणावर टाकून जाऊ?"

"माप बाईंनी घेतलंय. त्यांचं चुकत नाही."

एरवी हे ऐकून बाईंना किती बरं वाटलं असतं.

११.७

"थांबा, पुन्हा मोजते," बाई म्हणाल्या. मोजलं. सगळे वाकून बघत होते.

"मघाशी पट्टी सरकली असेल," बेडूकवाली पटकन म्हणाली.

तिनं सांभाळून घ्यावं हे काही बाईंना सोसवेना. "सरकली नाही. मी ओढली."

"का?" डॉक्टरांनी विचारलं.

उत्तर बाईंच्या शेजारीच उभं होतं, हातात बरणी, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं.

डॉक्टरांनी जीप परत पाठवली. मग पट्टी उचलून बेडूकवालीच्या हातात दिली. "यापुढे माप हिच्याकडे. तुम्ही शिकवा हिला."

बाईंनी शिकवलं. टाचणी बेडूकवालीच्या मांडीवर, हात सैल सोडून, अगदी घरच्यासारखी.

"कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये," बाई म्हणाल्या.

बेडूकवालीनं पहिल्या खेपेलाच बरोबर धरली. "जमलं का, मावशी?"

"जरा वर घे."

तिनं घेतली. आता पट्टी चुकीच्या जागी होती. बाईंनी टाचणीच्या आईकडे पाहिलं आणि पट्टी पुन्हा खाली सरकवली.