चिखल नसलेला जोडा

मी एक जुनी लोखंडी पट्टी आहे. नाक मुरडू नका मित्रांनो, मलाही तुमचं फारसं कौतुक नाही. गेंट शहरातल्या टोपीवाल्यांच्या गल्लीत, सात नंबरच्या दुकानाच्या दारापाशी भिंतीत वीतभर कोनाडा आहे. त्यात मला आडवी बसवली आहे. दुकानात शिरण्याआधी जोड्याचा तळ माझ्या कडेवर घासायचा आणि चिखल बाहेरच ठेवायचा, एवढंच माझं काम. दीडशे वर्षं मी माणसांचे फक्त तळवे पाहिले. ते पाहिल्यावर चेहरे पाहायची हौस उरली नाही.

कालव्याकाठच्या एका लोहाराने मला घडवलं. तेव्हा या गल्लीतून घोडागाड्या जात. वकील असो की कोळसेवाला, तळाला लीद तीच! पुढे दुकानाचे मालक झालेले आशील म्हणायचे, "ज्याने पट्टीवर जोडा घासला, त्याने माझ्या घराचा मान राखला." त्या काळी माझी कड रोज चकचकीत असायची.

मग गल्लीत गाड्यांना बंदी आली, गुळगुळीत फरशी आली आणि पाहुण्यांच्या झुंडी आल्या. ही माणसं इथे काय पाहायला येतात, देव जाणे. डोळ्यांपुढे फोन धरून चालतात आणि घरी गेल्यावर फोनमध्ये गल्ली पाहतात. मग घरीच बसायचं होतं! एकाने मला पाखरांचं भांडं समजून पाव कुस्करला. दुसऱ्याने बायकोला ठासून सांगितलं, "ही मांजरांची वाट असणार." बायको म्हणाली, "अय्या, कित्ती गोड!" उरलेल्यांसाठी मी कचरापेटी. आईस्क्रीमच्या काड्या, सिगारेटची थोटकं, चघळून टाकलेलं च्युइंगगम, सगळं माझ्या पोटात.

आशीलची मुलगी गोडेलीव्ह तेवढी वेगळी. ऐंशी वर्षांची. डोळ्यांना जेमतेम दिसायचं, टोपीची कड बोटांनी चाचपून शिवायची. बापाचा नियम तिने कानांनी पाळला. बाहेर माझी खरखर ऐकू आली, की ती खुर्चीतून उठून उभी राहायची. नाही आली, तर बसल्या जागेवरून विचारायची, "काय हवंय?"

गेल्या पानगळीत तिने दुकान विकायचं ठरवलं. अट एकच होती. टोप्या चालू राहिल्या पाहिजेत.

पहिली आली टीने. नाटकवाल्यांच्या टोप्या शिवणारी बाई. पावसातून सायकलवर आली होती, बुटांना चिखल थापला होता. घासायला म्हणून ती खाली वाकली आणि माझी अवस्था पाहून म्हणाली, "अगं, काय दशा केलीय तुझी!" तिने एकेक काडी, एकेक थोटूक वेचून खिशात घातलं. च्युइंगगम मात्र कडेला घट्ट चिकटलं होतं, ते निघेना. तेव्हा तिने बूट बाहेरच काढले आणि नुसत्या मोज्यांनी आत गेली. दीडशे वर्षांत मला पहिल्यांदा एक चेहरा पाहावासा वाटला.

पण मी वाजले नव्हते. आतून आवाज आला, "काय हवंय?"

"बाई, दुकान घ्यायला आलेय. टोप्या पुढे चालवीन म्हणते."

"बघू. कळवते."

दोन दिवसांनी मौरिट्स आला. त्याची वॅफलची चार दुकानं आहेत. माझ्या शेजारी उभा राहून फोनवर कुणाला तरी हसत सांगत होता, "म्हातारी त्या खरखरीवर भाळते म्हणे. घासतो की! जोडाच घासायचाय, नाक थोडंच घासायचंय?"

आणि त्याने घासला. च्युइंगगम चुकवून, कडेच्या टोकावर तीनदा उजवा, तीनदा डावा. नव्या कोऱ्या जोड्याखालून मातीचा कणही पडला नाही. एवढा घाणेरडा जोडा मी कधी पाहिला नव्हता.

आत खुर्ची करकरली. "या, या! घरंदाज माणूस आलं म्हणायचं."

"बाईसाहेब, टोप्या तशाच राहतील. शब्द देतो."

मला ओरडून सांगायचं होतं. पण मला आवाज एकच, आणि तो त्याने आधीच वाजवून घेतला होता.

ईस्टरच्या आत टोप्या गेल्या. आता तिथे काडीला टोचलेलं वॅफल आणि त्यावर क्रीमचा डोंगर मिळतो. माझं पोट साफ करून मला सोनेरी रंग फासला आहे. लोक रांग लावून माझा फोटो काढतात. मी कशासाठी आहे, ते एकही जण विचारत नाही.

मे महिन्यात गोडेलीव्ह आली. काठी टेकत, भिंत चाचपत. सवयीने तिने जोडा माझ्यावर घासला.

"आजी, पाय नका घासू! शोभेची वस्तू आहे ती," आतली मुलगी ओरडली.

"टोप्या कुठायत गं?"

"कसल्या टोप्या? वॅफल देऊ का?"

गोडेलीव्ह कशीबशी खाली वाकली. टोपीची कड चाचपावी, तशी तिने मला चाचपली. घासल्याने सुटलेला रंग बोटांना लागला. ती बराच वेळ ती बोटं एकमेकांवर चोळत राहिली.

"ती आधी आलेली बाई," ती हळूच म्हणाली, "तिची पावलंसुद्धा वाजली नव्हती. बूट काढून आली होती गं ती. आणि मी उठलेसुद्धा नाही."

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी या गल्लीत याल, सगळेच येतात. माझा फोटो नाही काढलात तरी चालेल. फक्त कुणी तुमच्या दारात जोरजोरात जोडा घासू लागला, तर खुर्चीतून उठण्याआधी एकदा खाली वाकून बघा, चिखल पडला का.