एका खांद्यापुरती साखर

मी कातडी बोलतेय. जनावराची नव्हे हो! एका छकुलीच्या उजव्या खांद्यावरची, तळहाताएवढी.

छकुलीच्या अंगात जन्मापासून एक उणीव. वरची कातडी खालच्या थराला धरूनच राहत नाही. कपड्याची शिवण घासली तरी फोड येतो. म्हणून तिची आई फ्रॉक शिवते तो शिवणी बाहेर ठेवून. कुणी म्हणालं, "अगं, उलटा घातलायस!" की छकुली ठसक्यात सांगते, "आमच्याकडे हाच सुलटा!"

आईनं नेम धरला होता. लेकीला सुलटा फ्रॉक घालीन, तेव्हाच चहात साखर. बाबा चिडवायचे, "देवाला तुझी साखर साठवून काय करायचंय?"

"त्याला नको हो. मला मागण्याचा विसर पडू नये म्हणून."

माझा जन्म प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत झाला. डॉक्टरीणबाईंनी छकुलीचीच नखाएवढी कातडी घेतली. तिच्यातल्या मूळपेशी, म्हणजे सतत नवी कातडी घडवणाऱ्या पेशी, वेगळ्या काढल्या, त्यांतली उणीव दुरुस्त केली आणि त्यांना उबेत वाढवलं. त्यांतून मी झाले, सायीसारखी पातळ.

मला खांद्यावरच्या जखमेवर अंथरून वर पट्टी बांधली. "आता रुजायचं काम तिचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हात लावायचा नाही, फुंकरही नाही." आईला तर फुंकर घालायची जन्माची सवय! ओठ पुढे आले की बिचारी स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरायची.

पट्टी सुटली तेव्हा आईनं डोळे मिटले होते. "बघा तरी," डॉक्टरीणबाई हसल्या. मी घट्ट धरून होते.

बाकीचं अंग अजून तसंच आहे. खोटं कशाला बोलू? आईनं नवा फ्रॉक शिवला. उजव्या खांद्याची शिवण आत, बाकीच्या बाहेर.

"आई, हा उलटा की सुलटा?"

"सुलटा व्हायला लागलाय गं," म्हणत आईनं माझ्यावर गाल टेकला. चांगला भार देऊन, पहिल्यांदाच.

बाबांनी साखरेचा डबा पुढे केला. आईनं चिमूटभर घेतली.

"एवढीशीच?"

"एका खांद्यापुरती."

मी रोज थोडी झडते, खालून नवी येते. असंच माझं जाणं आणि राहणं. तिकडे बशीत डाव्या खांद्यासाठी माझी धाकटी बहीण वाढतेय. तिला एवढंच सांगणं: बाई गं, घट्ट धर. डब्याचं झाकण अजून लावलेलं नाही.