कूलरसमोरचं खोकं

"हॅलो, आजोबा? ऐकू येतंय का?"

आजोबा गेले. म्हणजे आवाज गेला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख अर्धीच सांगून झाली होती.

"गेलं का गं परत?" सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आता ती पुण्याची बाई वरडंल तुला."

ती, म्हणजे माझी सुपरवायझर, ओरडली नाही. तिने मेसेज टाकला: या आठवड्यातला हा चौथा तुटलेला कॉल. दुपारच्या पाळीत एक जरी तुटला, तर उद्यापासून लॉगिन बंद.

पुण्यातल्या डोळ्यांच्या एका दवाखान्याचे फोन मी घरून घेते. माझी अक्षदा दीड वर्षाची आहे. बाहेरची नोकरी आत्ता जमणार नाही, आणि ही गेली तर पुन्हा मला कोण विचारणार?

नवऱ्याला, रामेश्वरला, कंपनीत फोन लावला.

"रीस्टार्ट कर."

"चारदा केलं."

"मग तूच काहीतरी दाबलं असशील. बाजारातल्या डबड्यापेक्षा लई भारी आहे आपला राउटर. फायरवॉल आहे त्यात!"

जुन्या कॉम्प्युटरच्या खोक्यात त्याने स्वतः जुळवलेला राउटर. घरातलं सगळं इंटरनेट त्यातूनच जाणार, चोरटं काही आत येणार नाही. लाइनचा पासवर्डही त्यातच, कागदावर कुठेच नाही, म्हणजे दुसरा राउटर लावायची सोयच नाही. मित्र आले की आधी खोकं दाखवायचं, मग पोरगी.

लाइन अधूनमधून तुटायला लागली तेव्हा त्याने वायर बदलली, सॉफ्टवेअर दोनदा नव्याने टाकलं, इंटरनेटवाल्याला शिव्या दिल्या. खोकं मात्र उघडलं नाही. "गरम व्हायलंय," म्हणाला आणि हॉलमधला कूलर उचलून त्याच्या तोंडाशी लावला. नळाला पाणी आठव्या दिवशी, बाकी टँकर. त्यातल्या दोन बादल्या रोज कूलरला आणि अक्षदाची आंघोळ ओल्या फडक्याने! घामोळ्यांनी पोरीची पाठ लाल झालेली, आणि गार हवा खोकं खातंय. तरी कूलर आल्यापासून लाइन रोजच तुटू लागली.

सकाळची पाळी संपली होती, दुपारची दोनला होती. साडेअकराला मी स्क्रू काढले. लाइनची वायर ज्यात लागते त्या आतल्या नेटवर्क कार्डावर पांढरा थर होता, पाणी तापवायच्या कॉइलवर बसतो तसा. पिना हिरव्या पडलेल्या. टँकरच्या पाण्याचा क्षार कूलर रोज त्यात फुंकत होता. मी फोटो पाठवला.

"हात लावू नको. रविवारी बघतो."

रविवारी! बीएस्सीला मी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं. बघायला आले तेव्हा याच माणसाने त्याचं कौतुक केलं होतं.

अक्षदाला कडेवर घेतलं आणि रिक्षाने क्रांती चौकातलं कॉम्प्युटरचं दुकान गाठलं.

"मॅडम, साहेबांना पाठवा ना. त्यांना कळंल कुठलं पाहिजे ते," दुकानदार म्हणाला.

मी जुनं कार्ड काउंटरवर आपटलं. "हेच. नवं, सीलबंद."

त्याने ते उलटंपालटं केलं. "समंदर में से निकाला क्या?"

"कूलरमधून."

पावणेदोनला कार्ड बसलं. बाहेरची लाइन कुठली, घरातली कुठली, असं स्क्रीनने विचारलं. घाईत उलटं सांगितलं. पुन्हा नीट सांगितलं आणि दिवा हिरवा झाला. कूलर ओढत पाळण्यापाशी नेला.

साडेसहाला रामेश्वर आला तेव्हा माझा सव्विसावा कॉल चालू होता. एकही तुटला नव्हता. त्याने खोक्याकडे पाहिलं, कूलरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. मग हॉलमध्ये जाऊन मित्राला फोन लावला.

"अरे सोमनाथ, कार्डच गेलं होतं. मला डाउट होताच. आज बदलून टाकलं. आता बघ, कसं पळायलंय!"

माझ्या कानात पैठणची एक बाई विचारत होती, "ताई, हाव का लाइनीवर?"

"आहे," मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला, की हॉलमध्ये रामेश्वर बोलता बोलता थांबला.