उसनी बारी

शेलूबाजारला हायवेलगत धम्मरत्न पेंटरचं दुकान आहे. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरचे नंबर, लग्नाच्या गाडीवरची नावं, सगळं तो झकास रंगवतो. फक्त वेळेवर देत नाही. देणार कुठून? तीन वर्षं त्याचा जीव भलत्याच कामात अडकला होता. तारेवर पुट्टी थापून त्यानं बोटभर उंचीचे सुपरहिरो केले होते. हातातून वीज सोडणारा लाइनमन झटका. रोह्यासारखी, म्हणजे नीलगायीसारखी, उड्या मारत पळणारी रोही. आणि सोयाबीन काढायच्या हडंबा मळणीयंत्रासारखे दोन्ही हात गरगरा फिरवणारा हडंबा. या तिघांचा वैरी महाअंधार, तो जरा मोठा, दीड बोटाचा. प्लायवूडच्या पाटावर पाण्याची टाकी, शाळा, बसस्टँड असं अख्खं गाव उभं केलेलं. फासे टाकायचे, शिंप्याच्या टेपनं अंतर मोजून आपला हिरो सरकवायचा आणि महाअंधारानं गावाची वीज गिळायच्या आत त्याला पाडायचं, असा तो खेळ.

त्याचे वडील इंद्रभान एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते शांतपणे सांगत, "पोरगं तिशी उलटून बाहुल्याइच्या चड्ड्या रंगवून राह्यलं." तीन वर्षांत त्यांनी एकाही बाहुलीला हात लावला नव्हता, हे धम्मरत्नला फार लागायचं.

अशात पुण्याच्या एका खेळ छापणाऱ्या कंपनीच्या ज्योत्स्ना मॅडम प्रत्यक्ष खेळ बघायला आल्या. त्यांची अट एकच होती. कधीच न खेळलेली माणसं बसवायची. डाव संपल्यावर त्यांनी आपण होऊन दुसरा डाव मागितला, तर खेळ छापायचा. नाही मागितला, तर विषय संपला. आणि मागायला सांगायचं नाही.

धम्मरत्ननं कॉलेजची तीन पोरं ठरवली होती. ती ऐन वेळी क्रिकेटच्या टूर्नामेंटला पळाली. मग बाजाराचा दिवस असल्यामुळे जे हाताला लागले, ते त्यानं बसवले. किन्हीराजाचे पुंजाजी 'ताजी भाजी' ही पाटी मागायला चौथ्यांदा आले होते, ते बसले. त्यांच्याच गावच्या, त्यांच्या शेताशेजारी वांगी-मिरची लावणाऱ्या आवडाबाई रिकामी टोपली घेऊन जीपची वाट बघत होत्या, त्या बसल्या. तिसरं माणूस मिळेना, तेव्हा इंद्रभान म्हणाले, "मी नुसता बसतो. मले समजाऊन सांगू नोको."

सुरुवातीलाच घोळ झाला. पुंजाजींनी शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, वादात पंधरा वर्षं काढलेली. त्यांच्या हातात टेप देणं ही धम्मरत्नची चूकच होती. आपला झटका चार इंच सरकवायचा, तर चार इंच त्याच्या पायापासून की पुढे केलेल्या हातापासून, यावर त्यांनी दहा मिनिटं खाल्ली. "मोजणी म्हंजे मोजणी," ते म्हणाले. आवडाबाईंनी तोवर रोहीला थेट महाअंधाराच्या अंगावर घातलं. धम्मरत्न महाअंधाराकडून खेळत होता. त्यानं नियमाप्रमाणे रोहीला टाकीखाली दाबून टाकलं.

त्याच्या खेळाचं जुनं दुखणं हेच होतं. हिरो दाबला गेला की त्या माणसाला काम उरत नाही, तो मोबाइल काढतो. आवडाबाईंकडे मोबाइल नव्हता, म्हणून त्या जीप दिसते का ते बघू लागल्या. ज्योत्स्ना मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं.

तेवढ्यात पुंजाजी म्हणाले, "आवडाबाई, तुमाले तं आता काई करता येत नाई. तुमची बारी मले द्या."

"उसनी?" आवडाबाईंनी मान वळवली.

"उसनी."

या दोघांची विहीर सामाईक. एक दिवस मोटर याची, एक दिवस तिची. कुणाचं पीक सुकत असलं, तर दुसऱ्याची बारी उसनी घ्यायची आणि मागितली की मुकाट परत करायची. किन्हीराजात यात नवल काहीच नव्हतं. धम्मरत्न मात्र दचकला. "काका, असं नसते. नियमात नाई."

"मंग लिव्ह नं नियमात."

"थांबा, धम्मरत्न," ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या. "खेळू द्या त्यांना."

मग आवडाबाईंची नजर रस्त्यावर गेलीच नाही. आपली बारी दुसरा खर्च करणार म्हटल्यावर लक्ष ठेवणं आलंच. त्या पाटावर ओणव्या झाल्या आणि झटक्यानं कुठून घुसावं हे पुंजाजींना बजावू लागल्या. इंद्रभानच्या वाट्याच्या हडंब्याची बारी आली, तेव्हा त्यांनी न विचारता तो उचलला आणि एसटी रिव्हर्सला घ्यावी तसा बसस्टँडमागून काढून महाअंधाराची वाट अडवली. पुंजाजींनी उसन्या बारीचे फासे टाकले. दोन्ही सहा. महाअंधार आडवा झाला. आपल्याच खेळात हरून धम्मरत्नला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. आवडाबाई टोपली उचलून म्हणाल्या, "पुंजाजी भाऊ, माही बारी?"

"कोन्ती?"

"आता घेतली थे. उद्याची इहिरीची बारी माही."

"अवो, तो तं खेळ होता."

"उसनी म्हणले का नाई तुमी, चार माणसाइसमोर?"

पुंजाजींनी आशेनं इंद्रभानकडे पाहिलं. "म्हणले तं होते तुमी," इंद्रभान म्हणाले. दोघं भांडत भांडतच जीपमध्ये बसले. पुंजाजी पाटी मागायलासुद्धा विसरले.

"खेळ चांगला आहे," ज्योत्स्ना मॅडम वही मिटत म्हणाल्या. "उसन्या बारीनं तर त्यात जीव आलाय. पण दुसरा डाव कुणी मागितला नाही." त्या रात्री वाशीमला राहणार होत्या आणि सकाळी नऊला पुण्याला निघणार होत्या. धम्मरत्ननं सुपरहिरो पेढ्यांच्या खोक्यात भरले. त्याला रडू येत होतं. वडील काही टोमणा मारतील तर बरं, असं त्याला वाटलं, पण ते पाटाकडे एकदा बघून घरी निघून गेले.

सकाळी साडेसातला पुंजाजींचा फोन आला. धम्मरत्ननं आधीच सुरुवात केली, "काका, पाटी आज नक्की देतो."

"पाटी मसनात जाऊ दे. आवडाबाईनं सकायपासून मोटर लावली. माह्या मिरचीनं मान टाकली इकडं. तू दुसरा डाव कवा मांडतं? मले माही बारी जिंकून घ्याची हाय."

मागून आवडाबाईंचा आवाज आला, "मांड म्हणा. मी बी येतो."

"काका, फोन ठेवू नोका. हेच एका बाईले सांगा." धम्मरत्ननं मॅडमचा नंबर जोडला. पुंजाजींनी सगळं गाऱ्हाणं पहिल्यापासून सांगितलं, मिरचीच्या जातीसकट.

"काका, हे म्हणायला तुम्हाला कुणी सांगितलं?" मॅडमनी विचारलं.

"मले कोन सांगन? पाणी माहं गेलं नं."

पलीकडून थोडा वेळ नुसतं हसू ऐकू आलं. मग त्या म्हणाल्या, "धम्मरत्न, मी आज जात नाही. पाट मांडा."

धम्मरत्न धावतच दुकानात गेला. पाट मांडलेला होता. इंद्रभान चष्मा लावून पेढ्यांच्या खोक्यातून एकेक सुपरहिरो काढून जागेवर ठेवत होते.

"हडंबा माहा," ते म्हणाले. "कोनाले देऊ नोको."