सहाचा पुकारा

पिंचर्स कोव्ह या कोळ्यांच्या खाडीतल्या बायका संध्याकाळी सहाला रेडिओवर येत. हे कुणी ठरवलेलं नव्हतं आणि कुणी मोडतही नव्हतं. जिच्या तिच्या स्वयंपाकघरात, खिडकीच्या फळीवर, बोटीवर असतो तसाच एक वायरलेस संच असायचा. बटाटे उकडायला टाकले की बाई माइक उचलायची, बोटीचं नाव घ्यायची आणि नवऱ्याला विचारायची, कुठे आहेस, काय मिळालं, घरी कधी. चॅनल सगळ्यांना मिळून एकच. त्यामुळे कुणाकडे काय शिजतंय आणि कुणाचं कुणाशी बिनसलंय, हे सहा वाजून पाच मिनिटांनी साऱ्या खाडीला ठाऊक झालेलं असे.

अ‍ॅम्ब्रोज पार्डीच्या ‘ग्रे गल’ या बोटीला मात्र गेली दोन वर्षं कुणी नावाने हाक मारत नव्हतं. सहा वाजता त्याच्या संचातून दोनदा ‘टक’ एवढंच वाजायचं. त्याच्या बायकोने, एफीने, घरी माइकचं बटण दोनदा दाबलेलं असायचं. मी आहे, असा त्याचा अर्थ. तोही दोनदा दाबायचा, मीही आहे. मग इतर बायकांची बडबड सुरू व्हायची आणि अ‍ॅम्ब्रोज ती ऐकत बसायचा, पंगतीत ज्याच्या पानात वाढायचं राहून गेलं अशा पाहुण्यासारखा.

त्याला तिचा आवाज हवा होता. एकतीस वर्षं रोज ऐकलेला, तोच. “ग्रे गल, ग्रे गल, कुठे भटकतोयस रे बाबा? चहा गार होतोय.” यातल्या ‘चहा’वर तिचा आवाज थोडा वर उडायचा, आणि पुढे हसू यायचं की नाही हे त्या दिवशीच्या भांडणावर अवलंबून असायचं. आता हे सगळं आठवायला बसलं की शब्द आठवत, आवाज आठवत नसे. याचं त्याला फार वाईट वाटायचं, आणि ते बोलून दाखवायची सोय नव्हती. बायको जिवंत आहे, समोर बसून मोजे विणते आहे, आणि आपण तिच्यासाठी झुरतो आहोत, हे सांगायचं कुणाला?

या सगळ्यात त्याची स्वतःची चूक होतीच, आणि ती त्याला आतून कुरतडत होती. एफीचा आवाज रेडिओवर पहिल्यांदा खरखरीत यायला लागला तेव्हा अ‍ॅम्ब्रोजने निदान केलं, संच बिघडला. त्याने आधी आंटेना बदलली. मग केबल बदलली. मग माइक शहरातून, सेंट जॉन्सहून मागवला. त्या हिवाळ्यात तो तीनदा छपरावर चढला, एकदा तर बर्फावरून घसरून कंबर धरून बसला. खाडीतल्या कुणीही दुसरं काही सुचवलं नाही; उलट जो तो आपापली तार आणून देत होता. कोळ्याच्या गावात खरखर म्हणजे मिठाने खाल्लेली तार, दुसरं काय? घरातही ती तशीच बोलत होती म्हणा. पण तीस वर्षं इंजिनाशेजारी उभं राहून याचे कान निम्मे गेलेले, आणि रोज तसूतसूने बदलणारा आवाज घरातल्याला कळत नाही. एफीलाही कळला नव्हता. ती म्हणायची, सर्दी आहे.

मग तिला टेकडीवरच्या चर्चपर्यंत चढताना धाप लागायला लागली. दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी दमा म्हणून सांगितलं आणि तोंडात मारायचा फवारा दिला. तो तिने आठ महिने इमानेइतबारे मारला. पुढे लोरेटा नावाची नवी नर्स आली. तिने एफीची छाती तपासली, मग स्टेथोस्कोप बाजूला ठेवला आणि नुसता कान एफीच्या गळ्यापाशी नेला. दम्याची शिट्टी श्वास सोडताना वाजते, ही घेताना वाजते आहे, आणि वाजते आहे ती छातीत नाही, इथे, असं म्हणून तिने एफीच्या गळ्यावर बोट ठेवलं. दुसऱ्याच दिवशी तिने दोघांना सेंट जॉन्सच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

तिथल्या सर्जन होत्या डॉक्टर गशू. ठेंगण्या, भुवया जाड, आणि बोलणं अगदी खाडीतल्या बाईसारखं. त्यांनी एफीच्या नाकातून बारीक नळी घातली आणि पडद्यावर अ‍ॅम्ब्रोजलाही आत दाखवलं. स्वरयंत्राच्या दोन पांढुरक्या पडद्यांखाली मागून एक गुळगुळीत फुगवटा आला होता आणि श्वासाची वाट चिंचोळी झाली होती. वरची त्वचा अगदी साफ. तुकडा काढायला गेल्या तर चिमटा सटकला, इतकं ते कठीण होतं. मग स्कॅन झाला. त्यात त्या गाठीत जागोजागी पांढरे ठिपके दिसले, लाह्या फुटल्यासारखे. ते पाहून डॉक्टर गशूंनी खुर्ची जवळ ओढली.

स्वरयंत्राच्या तळाशी कूर्चेचं एक कडं असतं, अंगठीसारखं, त्यातूनच ही गाठ उगवली आहे, असं त्यांनी सांगितलं. आहे कॅन्सरच्याच जातीची, पण आळशी. वर्षानुवर्षं वाढते, दूर सहसा जात नाही. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी अशा चारच पाहिल्या होत्या. औषधांवर किंवा किरणांवर विसंबता येणार नाही, कापूनच काढावी लागेल. पुढून गळा उघडायचा, गाठ कड्यावरून सोलायची आणि निम्मं तरी कडं वाचवायचं. निम्मं वाचलं तर श्वासाची वाट उभी राहील. नाही वाचलं, तर सगळं स्वरयंत्र काढावं लागेल.

“आणि आवाज?” अ‍ॅम्ब्रोजने विचारलं.

“आवाजाची नस गाठीला चिकटलेली दिसतेय. श्वास मी राखीन, पार्डी. आवाजाचं वचन देत नाही.”

लिफ्टमध्ये एफी म्हणाली, “बघ, तू उगाच तीनदा छपरावर चढलास.” ती चेष्टेनेच म्हणाली होती. अ‍ॅम्ब्रोजच्या तोंडात कुणी मारल्यासारखं झालं.

ऑपरेशन सहा तास चाललं. कडं निम्म्याहून थोडं जास्त वाचलं, डावी नस गेली. दीड महिना एफी गळ्यातल्या नळीतून श्वास घेत होती आणि पाटीवर लिहून बोलत होती. नळी निघाली, भोक मिटलं, आणि एक आवाज आला. जाड, घोगरा, मधेच हवा निसटणारा. पण होता. अ‍ॅम्ब्रोजचा जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी तिने मोठ्या हिमतीने माइक उचलला आणि ‘ग्रे गल’ला हाक मारली. मग लिअँडर हिस्कॉक, खाडीतला अव्वल टवाळखोर, बोलला, “अ‍ॅम्ब्रोज, लेका, तुझ्या स्वयंपाकघरात हा कोण पुरुष शिरलाय?”

सगळी खाडी हसली. ती एफीच होती हे लिअँडरला कळलं तेव्हा तो स्वतः खारवलेला कॉड मासा आणि माफी घेऊन दारात उभा राहिला, एफीने त्याला चहाही पाजला. पण त्या दिवसापासून माइकवर ती फक्त ‘टक टक’ करायला लागली. अ‍ॅम्ब्रोजने एकदा विषय काढून पाहिला. “घरी बोलते ना तुझ्याशी?” एवढंच ती म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

दोन वर्षांनी तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर गशूंनी नळी घालून पाहिलं, स्कॅन पाहिला, आणि गाठ परत आलेली नाही म्हणून सांगितलं. एफी कपडे बदलायला गेली. अ‍ॅम्ब्रोज उठला आणि कॉरिडॉरच्या टोकाला ब्रिजिट किअर्लीच्या खोलीत गेला. ही आवाजाची बाई. ऑपरेशनआधी प्रत्येकाचा आवाज टेप करून ठेवायचा, ही तिथली रीत. नंतर किती फरक पडला ते मोजायला. हे अ‍ॅम्ब्रोजच्या दोन वर्षं डोक्यात होतं. टोपी हातात कुस्करत त्याने विचारलं, एफीची टेप एकदा ऐकायला मिळेल का?

ब्रिजिटने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि एफीला विचारून येते म्हणाली. परत आल्यावर तिने मशीन लावलं.

आधी लांबलचक ‘ई’ आला. मग एक ते वीस आकडे. मग हवामानावरचा एक रटाळ उतारा, जो तिथे प्रत्येकाला वाचायला देतात. अ‍ॅम्ब्रोज पुढे वाकून ऐकत होता आणि हळूहळू त्याला कळत गेलं. हा तो आवाज नव्हता. हा बसका होता, खरखरीत, मधेच तुटणारा. ज्या आवाजासाठी त्याने आंटेना बदलली होती, तोच. जुना आवाज या टेपेच्याही आधी गेलेला होता. तो जात होता तेव्हा अ‍ॅम्ब्रोज छपरावर होता. जगात कुठेही आता तो शिल्लक नव्हता.

टेपवर ब्रिजिट म्हणाली, “आता तुमच्या मनाचं काहीतरी बोला, रोजचं.”

“ग्रे गल, ग्रे गल,” एफी म्हणाली, “कुठे भटकतोयस रे बाबा? चहा गार होतोय.”

‘चहा’वर आवाज वर जायला निघाला आणि फुटला. मग शांतता. टेपची नुसती सरसर. बराच वेळ.

“झालं का?” टेपवर ब्रिजिटने विचारलं.

“थांबा जरा,” एफी म्हणाली. “त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो. हात जाळ्यात असतात.”

अ‍ॅम्ब्रोजने टोपी तोंडावर धरली. थोड्या वेळाने टोपीआडूनच, मशीनकडे पाहून, तो म्हणाला, “आलो, एफी. आलोच.” ब्रिजिट खिडकीबाहेर बघत राहिली. दारात एफी उभी होती, कोट घातलेली. ती कधी आली होती ते त्याला कळलं नाही, त्याचे कान ते तसलेच.

परतीचा रस्ता पाच तासांचा. दोन तास गेले. मग एफी म्हणाली, “तुला ती हवी आहे. आधीची.”

खोटं बोलायची त्याला ताकद नव्हती. “हो,” तो म्हणाला. “रोज सहाला हवी असते.”

“मलाही,” एफी म्हणाली. “मला काय ती नको आहे असं वाटलं तुला?”

त्याने गिअरवरचा हात उचलून तिच्या हातावर ठेवला आणि चढण आली तेव्हाच काढला.

दुसऱ्या दिवशी तो खेकड्यांचे पिंजरे उचलायला बाहेर पडला. संध्याकाळी धुकं उतरलं. सहाला संच खरखरला, लिअँडरच्या बायकोने त्याला टॉमेटोवरून झापलं, आणखी दोघींनी आपापल्या नवऱ्यांना घरी बोलावलं. अ‍ॅम्ब्रोजने ‘टक टक’साठी कान दिला. एक ‘टक’ झालं. दुसरं झालं नाही.

“ग्रे गल, ग्रे गल.” जाड, घोगरा आवाज, हवा निसटत होती. “कुठे भटकतोयस रे बाबा? चहा गार होतोय.”

चॅनलवर कुणीही हूं की चूं केलं नाही, लिअँडरने तर नाहीच. अ‍ॅम्ब्रोजचे हात दोरात होते. तो नुसता उभा राहिला. ‘चहा’वर आवाज वर गेला नव्हता, आता कधी जाणारही नव्हता. त्याला तो जुना आवाज हवा होता, त्याच क्षणी, पूर्वी कधी नव्हता इतका. आणि एफी तिकडे खिडकीशी त्याच्या उत्तरासाठी थांबली होती, सगळ्या खाडीदेखत.

“ऐकू येतंय का?” तिने विचारलं. “की पुन्हा छपरावर चढतोस?”

त्याने हात सोडवला आणि बटण दाबलं.

“येतंय, एफी,” तो म्हणाला. “संचाला काही झालेलं नाही. कधीच काही झालं नव्हतं.”